एक टोक ओढलं तर सगळं येतं का?

आमच्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे स्टुलावर मी आणि खालून एकेक वस्तू वर देणारा भाचा. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, गणपतीच्या बरोब्बर वर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगलेली असते आणि तिला रानातली-परसातली फळं बांधायची असतात, नारळाची पेंड, ओल्या सुपाऱ्यांचा घोस, केळ्यांचा घड, तोरिंजन, आंबाडे, निरफणस, चिबूड, माट्टीची फळं, अजून काय काय. चवथीआधी फोंड्याच्या बाजारात हे सगळं रस्त्याच्या कडेला गोणपाटावर पसरलेलं असतं, पावसाची रिपरिप चालू, आणि लोक भाव करून करून विकणाऱ्या बायकांचा जीव खातात.

तर यंदा मी हात वर करून निरफणस बांधतोय, मानेला रग लागलीय, आणि भाचा (इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे प्रश्न विचारायचं लायसन्स मिळालंय असं त्याला वाटतं) खालून म्हणतो, "मामा, हे खाली पडलंय तोवर माटोळीचं सामान, आणि वर बांधलं की माटोळी. मधे वाढलं काय?"

"सुतळी," मी म्हटलं, "दे इकडे."

विषय तिथे संपायला हवा होता पण संपला नाही, कारण रात्री झोपताना मला कळलं की माझं उत्तर चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे अडीच हजार वर्षांपूर्वी एकाने लिहून ठेवलंय. म्हणून हा लेख.

तत्त्वज्ञानात ज्याला होलिझम म्हणतात, मराठी पुस्तकांत साकल्यवाद किंवा समग्रतावाद, त्याची ओळख आपल्याला बहुतेक एका वाक्यातून होते. सगळं मिळून जे होतं ते तुकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं. मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमधे हे वाक्य चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा येतं. आमच्याकडे मांद्रे-हरमलच्या पट्ट्यात तर होलिस्टिक मसाज, होलिस्टिक योगा, होलिस्टिक ब्रेकफास्ट अशा पाट्या आहेत, त्यातला ब्रेकफास्ट मी खाल्लाय, पपई आणि ओट्स होते. वाक्य खपवलं जातं ॲरिस्टॉटलच्या नावावर. पण तो 'मोठं' असं म्हणालाच नव्हता, आणि जे म्हणाला ते ह्याहून कितीतरी मजेशीर आहे.

'मेटाफिजिक्स' ह्या ग्रंथात तो अक्षरांचं उदाहरण घेतो. ब् आणि आ जोडले की 'बा' होतो. सुटे केले की ब् शिल्लक राहतो, आ शिल्लक राहतो, 'बा' मात्र जातो. म्हणजे 'बा' मधे ह्या दोघांशिवाय अजून काहीतरी होतं. बरं, मग ते अजून काहीतरी म्हणजे तिसरं अक्षर का? नाही, कारण तसं धरलं तर तिघांना एकत्र ठेवायला चौथं लागणार, चारांना पाचवं, आणि हे कधी संपणारच नाही. म्हणजे जे वाढलंय ते आणखी एक तुकडा असूच शकत नाही, ते वेगळ्या जातीचं काहीतरी आहे. तो त्याला रूप म्हणतो, रचना म्हणा हवं तर.

आणि इथे माझी सुतळी गेली. सुतळी हा आणखी एक तुकडाच. बाजारातल्या त्या गोणपाटावर सगळं सामान आणि वर सुतळीचं बिंडल ठेवलं तरी माटोळी होत नाही. शिवाय सुतळीला फळाशी कोण बांधणार, दुसरी सुतळी? सामान तेच ठेवून क्रम बदलला तरी काय होतं ते आपल्या भाषेत लगेच दिसतं, 'नव' आणि 'वन' मधे अक्षरं तीच आहेत, एकही जास्त नाही की कमी नाही.

आता आपल्याकडे ह्या प्रश्नावर जे रणकंदन झालं त्याबद्दल आपल्यालाच फार कमी माहिती असते ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं. हजारभर वर्षं दोन पार्ट्या भांडत होत्या, एकीकडे बौद्ध आणि दुसरीकडे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित. बौद्धांची बाजू 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात एकदम झकास आलीय. राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनाआधीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्षूला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. चाकं? नाही. मग ह्या सगळ्याचा ढीग म्हणजे रथ? तोही नाही. मग तुझा रथ कुठाय राजा, तू तर म्हणतोस रथातून आलो! राजाला शेवटी कबूल करावं लागतं की ह्या सगळ्या वस्तू मिळून जे आहे त्याला व्यवहारात 'रथ' असं नाव पडलंय, बस. आणि नागसेन म्हणतो, माणसाचंही तसंच.

न्याय-वैशेषिकवाले ह्याच्या बरोबर उलट. त्यांच्याकडे तुकड्याला अवयव म्हणतात आणि तुकड्यांचं जे बनतं त्याला अवयवी. त्यांचं म्हणणं, कापड ही धाग्यांहून वेगळी, खरीखुरी, नवी वस्तू आहे, ती धाग्यांमधे राहते (ह्या राहण्याला ते समवाय म्हणतात) पण ती म्हणजे धागे नव्हेत. ऐकायला हट्टी वाटतं, पण न्यायसूत्रातली त्यांची दोन आर्ग्युमेंट्स बघा. पहिलं, अवयवी नाहीच असं म्हणाल तर काहीच दिसणार नाही, कारण शेवटी सगळे परमाणू आणि परमाणू तर डोळ्यांना दिसत नाहीत. समोरचा म्हणतो, अहो सैन्य किंवा वन लांबून एक दिसतं ना, तसंच हे. त्यावर उत्तर, वनातलं झाड जवळ गेलं की दिसतं तरी, परमाणू जवळ जाऊनही दिसत नाही, तेव्हा हे उदाहरण इथे चालत नाही.

दुसरं मला फार आवडतं. धारण आणि आकर्षण. एखादी वस्तू एका टोकाला धरली की पूर्ण धरली जाते, एक टोक ओढलं की पूर्ण ओढली जाते. वाळूच्या ढिगाचं असं होत नाही, मूठ उचलली तर मूठभरच येते. मडक्याचा काठ धरा, मडकं येतं. म्हणजे मडकं 'एक' आहे, ढीग 'एक' नाही.

हे वाचलं आणि मला रापण आठवली. किनाऱ्यावर वाढलेल्यांना सांगायला नको, होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग, आणि ओढायचं, तासन् तास. हातात असतो फक्त दोर, जाळं लांब पाण्यात, दिसतही नाही, पण इकडे दोर हललेला तिकडे जाळ्याला कळतो. न्यायसूत्रवाल्यांनी रापण बघितली असती तर त्यांनी मडकं सोडून दिलं असतं.

पण थांबा, ह्यात एक गोची आहे आणि ती त्यांच्याच वात्स्यायनाने दाखवलीय (कामसूत्रवाला नव्हे, न्यायभाष्यवाला). तो म्हणतो, गवत, दगड आणि लाकूड लाखेने चिकटवा. एक ओढलं की तिन्ही येतात. मग काय गवत-दगड-लाकूड नावाची नवी वस्तू जन्माला आली? कोणीच तसं म्हणणार नाही. म्हणजे ओढल्यावर सगळं येणं हा 'एक असण्याचा' पक्का पुरावा नाही, त्याला चिकटपणा किंवा गाठ एवढं कारण पुरतं. स्वतःच्या पक्षाच्या आवडत्या आर्ग्युमेंटला भर सभेत टाचणी लावायची ही हिंमत आजकाल कुठे बघायला मिळते!

बौद्धही गप्प बसले नाहीत. धर्मकीर्ती विचारतो, शरीर जर एक अखंड वस्तू असेल तर नुसता हात हलवला की काय म्हणायचं, शरीर हललं की नाही हललं? एकच वस्तू एकाच वेळी हलते आणि हलत नाही असं कसं? आणि एक साधा वाण्याचा प्रश्न, कापड धाग्यांहून वेगळी नवी वस्तू असेल तर तागडीत धाग्यांचं वजन अधिक कापडाचं वजन असं दुप्पट का भरत नाही? नैयायिकांनी ह्याला उत्तरं दिली, पण ती देताना त्यांची दमछाक झालेली वाचतानाही कळते.

माझं मत विचाराल तर वजनावर बौद्ध जिंकले आणि ओढण्यावर नैयायिक अर्धे जिंकले. तुकड्यांवर वरून कुठली भुताटकीची वस्तू येऊन बसत नाही. पण 'नुसते तुकडेच आहेत' म्हणणाऱ्याला एका गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो, की एकाला हात लावला की दुसऱ्याचं काय होतं. तो हिशेब तुकड्यांच्या यादीत नसतो. म्हणून होलिझमचा कुठलाही प्रकार समोर आला की मी हेच विचारतो, इथे काय ओढल्यावर काय येतं? आणि प्रकार बरेच आहेत, नाव एकच असल्यामुळे लोक सगळे एका पोत्यात भरतात.

वस्तूंपासून सुरू करू. चवथीच्या आरतीला घुमट आणि शामेळ ह्या तालवाद्यांच्या जोडीला कासाळें (मोठे टाळ) वाजतं, आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ ते असं वाजवतात की लहान पोरं कानावर हात ठेवतात. कासाळें काशाचं, कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ, आणि दोघं मिळून असा कडक धातू होतो की तो खणखणतो. हा कडकपणा तांब्यात नव्हता, कथलात नव्हता. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ दुर्खीम नेमकं हेच ब्राँझचं उदाहरण देतो, त्याच्याकडे पुढे येऊच. आता हा कडकपणा म्हणजे चमत्कार आहे का? तर नाही, तांब्याचे अणू थरांनी रचलेले असतात आणि ते थर एकमेकांवर सरकतात म्हणून तांबं वाकतं, मधे कथलाचे मोठे अणू घुसले की ते सरकणं अडतं. म्हणजे गुण नवा, पण कुठून आला ते सांगता येतं.

ट्रॅफिकचंही असंच. पर्वरीला सकाळी अडकलात तर बघा, प्रत्येक गाडी पुढे सरकत असते पण जॅम मागे सरकत असतो, समोरच्या टोकाने गाड्या सुटतात आणि शेपटाला नव्या येऊन लागतात. साध्या हायवेवरच्या जॅमची लाट ताशी १५-२० किलोमीटरने मागे जाते. गाड्या एका दिशेला आणि गाड्यांचाच बनलेला जॅम उलट दिशेला! 'जॅम म्हणजे गाड्याच, दुसरं काय' म्हणणाऱ्याला इथे जरा अडखळायला होतं, कारण एका गाडीबद्दल खरं असलेलं वाक्य जॅमबद्दल खोटं आहे.

अशा नव्याने उगवणाऱ्या गुणांना इंग्रजीत इमर्जन्स म्हणतात, आणि त्याच्यावर मोठी पैज लावून हरलेला माणूस म्हणजे केंब्रिजचा सी. डी. ब्रॉड. १९२५ साली त्याने लिहिलं की काही गुण असे असतात की तुकड्यांबद्दल सगळं, अगदी सगळं माहीत असलं तरी त्यांवरून त्या गुणांचा अंदाज बांधता येत नाही, आणि रसायनशास्त्र त्याला ह्याचं मुख्य ठिकाण वाटत होतं. दोनच वर्षांनी, १९२७ मधे, हाइटलर आणि लंडन ह्या दोघांनी क्वांटमचं नवंकोरं गणित वापरून हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना का धरून बसतात ते दाखवून दिलं. ब्रॉडची अर्धी इमारत तिथेच बसली. पण अर्धीच, कारण त्याने अजून एक गोष्ट म्हटली होती. समजा एक देवदूत आहे ज्याला गणितात काहीच अवघड नाही, आणि तो अमोनियाची रचना अणूअणूपर्यंत बघू शकतो. नाकात काय रसायन शिरेल, मज्जातंतूत काय होईल, सगळं तो सांगेल. पण अमोनियाचा वास कसा असतो हे वास न घेता त्याला सांगता येईल का? ह्याला आजपर्यंत कोणी हाइटलर-लंडन मिळालेला नाही.

रिबंदरच्या मिठागरांजवळून जाताना मला हे हटकून आठवतं. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरिन हा विषारी वायू, आणि दोघांचं मिळून जे होतं त्यात आपण कैरी घालून ठेवतो. ते पांढरे खडे चौकोनी का होतात हे गणिताने सांगता येतं. खारट म्हणजे काय ते मात्र चाटल्याशिवाय नाही.

पुढचा प्रकार भाषेचा, आणि इथे होलिझम मला सगळ्यात जास्त पटतो. 'पाणी' हा शब्द तुम्हाला येतो, 'सोडणे' येतो. 'त्याने त्या जमिनीवर पाणी सोडलं' ह्याचा अर्थ त्या दोनांवरून निघेल? एखाद्या परक्याला वाटेल पंप लावला. किंवा 'आलास?' हा एकच शब्द घ्या, दुपारी दारात पाहुण्या मुलाला म्हटला तर स्वागत, आणि रात्री साडेअकराला बाबांनी म्हटला तर बुटाचा आवाज न करता आत जायचं. पाचव्या शतकाच्या आसपास व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' मधे हे शेवटपर्यंत नेलं. तो म्हणतो अर्थ मुळात अख्ख्या वाक्याचाच असतो, अखंड, एकदम उजळणारा. शब्द नंतर आपण शिकवायच्या सोयीसाठी त्यातून सोलून काढतो. म्हणजे शब्दांचं वाक्य होत नाही, वाक्याचे शब्द होतात!

मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना, हे अती वाटलं, आणि त्यांच्यातही परत दोन तट पडले. कुमारिल भट्टाचे लोक म्हणायचे शब्द आधी आपापला अर्थ देतात, मग ते अर्थ जोडले जातात. प्रभाकराचे म्हणायचे, शब्द सुटा असताना अर्थ देतच नाही, तो वाक्यात दुसऱ्याशी जोडलेलाच अर्थ देतो. पुरावा काय, तर लहान मूल भाषा कशी शिकतं ते बघा. मोठा माणूस म्हणतो 'गाय आण', दुसरा गाय आणतो. मग 'घोडा आण', घोडा येतो. 'गाय बांध', गाय बांधली जाते. पोर कोपऱ्यात बसून हे बघतं आणि काय बदललं, काय तेच राहिलं ह्यावरून त्याला 'गाय' कळते आणि 'आण' कळतं. शब्दाची सुटी गोळी त्याला कोणी दिलेलीच नसते. आमच्या माटोळीखाली भाच्याच्या धाकट्या बहिणीने 'तोरिंजन' हा शब्द असाच उचलला, कोणी सांगितलं नव्हतं तिला, "तोरिंजन दे", "तोरिंजन नको, आंबाडे दे", झालं.

विज्ञानात हेच वेगळ्या कपड्यात येतं. आपल्याला शाळेत सांगतात की एक सिद्धांत घ्यायचा, प्रयोग करायचा, जुळलं नाही तर सिद्धांत फेकायचा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियेर ड्युएम १९०६ मधे म्हणाला, असं कधी होतच नाही, कारण प्रयोगाला एकटा सिद्धांत जात नाही, त्याच्याबरोबर दुर्बिणीचं शास्त्र, आकडेमोड, शंभर गृहीतकं असा लवाजमा जातो. उत्तर चुकलं तर लवाजम्यातलं कोणीतरी खोटं बोलतंय एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना. न्यूटनला फेकलं का? नाही, लव्हेरिए ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने म्हटलं पलीकडे अजून एक ग्रह असणार जो त्याला ओढतोय, आणि १८४६ मधे त्याने सांगितलेल्या जागेच्या जवळच नेपच्यून सापडला. वाहवा झाली. मग बुध चालेना, थोडासा फरक, शंभर वर्षांत ४३ विकला एवढाच. लव्हेरिएने तीच युक्ती लावली, सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह असणार. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. नव्हताच. ह्या वेळी खरंच न्यूटन बदलावा लागला, १९१५ मधे आइन्स्टाइनने. तोच माणूस, तीच युक्ती, एकदा लवाजमा चुकलेला आणि एकदा राजाच.

अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनने १९५१ च्या एका निबंधात हे अजून ताणलं, आपली वाक्यं अनुभवाच्या कोर्टात एकेकटी उभी राहत नाहीत, एक संस्था म्हणून एकत्र उभी राहतात. त्याने जो शब्द वापरला त्याचा सरळ अर्थ कंपनीसारखी कायदेशीर एकजूट असा होतो. गोव्यातल्या माणसाला हे वाचून कोमुनिदाद (गावाची जमीन सामायिक सांभाळणारी जुनी संस्था) आठवली नाही तर नवल. क्वाइन म्हणतो आपलं सगळं ज्ञान हे एक जाळं आहे, कडेला अनुभव लागतो आणि धक्का आत कुठवर पोचू द्यायचा हे आपण ठरवतो. रापणच की.

क्वांटमचं मात्र प्रकरण ह्या सगळ्यांहून वेगळं आहे, त्यावर थोडक्यात. दोन कण एकमेकांत गुंतले की जोडीची अवस्था पूर्ण माहीत असते पण एकेकाची स्वतःची अशी पूर्ण अवस्था नसतेच. १९३५ मधे श्रोडिंगरने ह्या गुंत्याला नाव दिलं, १९६४ मधे जॉन बेलने तो तपासायचा मार्ग काढला, आणि तपासण्या करणाऱ्यांना २०२२ चं नोबेल मिळालं. इथे जोडी आधी आणि तुकडे नंतर असं खरोखरच म्हणावं लागतं. पण ह्यावरून एकाला ओढलं की दुसरीकडे निरोप पोचतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, निरोप पोचत नाही. आणि ह्याच्या आधाराने कोणी क्वांटम हीलिंग विकत असेल तर सरळ उठून घरी या.

आता माणसांकडे. इथे विषय तापतो. दुर्खीमने १८९५ मधे म्हटलं समाज ही व्यक्तींहून वेगळी वस्तुस्थिती आहे, माणूस जन्मायच्या आधी भाषा, चालीरीती, कायदा तयार असतो आणि तो माणसावर दाब टाकतो. उलट बाजूला तत्त्वज्ञ कार्ल पॉपर, की बाबांनो 'समाज' काही करत नाही, माणसं करतात, आणि समाज नावाच्या अख्ख्या वस्तूचा आराखडा बदलायला निघालेल्यांनी माणसांनाच भरडलंय.

मी दोघांनाही खाजनाच्या बांधावर नेलं असतं. खाजन म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, समुद्रसपाटीच्या खालची, बांध घालून मिळवलेली. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरतीला बाहेरचं पाणी दार दाबून धरतं, बंद. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, उघडं. वीज नाही, मोटर नाही. आत खारं सोसणारं कोरगुट भात, पाण्याच्या वाटेत मासळी, कुठे मिठागर. ह्यातला एकही तुकडा एकटा चालत नाही, आणि बांधाला एका जागी भोक पडलं की ज्याच्या शेताजवळ पडलं त्याचंच नुकसान होत नाही, खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. इथे एक टोक ओढलं की शब्दशः सगळं येतं.

आणि म्हणूनच ह्यांची व्यवस्था गावकारीकडे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेकडे होती, पोर्तुगीजांनी १५२६ मधे जिच्या रूढी लिहून घेतल्या आणि पुढे जिचं नाव कोमुनिदाद झालं. जमीन गावकारांची नव्हती, गावकारीची होती. गावकाराला वर्षाला उत्पन्नातला वाटा, जोण, मिळायचा, पण 'माझा तुकडा कुठला' असं विचारायची सोयच नव्हती. दुर्खीम खूश झाला असता. पण त्याने विचारलं नसतं ते पॉपरने विचारलं असतं, की बांध घालायला चिखलात कोण उतरत होतं आणि जोण कोणाला मिळत होता? कारण कमरेएवढ्या चिखलातले सगळेच काही गावकार नव्हते. 'गावाचं' म्हणताना गावातले कोण धरलेत हे बघायलाच हवं. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते व्हायलाच पाहिजे होतं, पण बरोबर बांधाची जबाबदारीही कुळांच्या संघटनांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. शेतं वाटता आली, बांध वाटता येईना.

होलिझम हा शब्द ज्याने पाडला त्याचीही कथा ह्याच वळणाची. यान स्मट्स, दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान, 'होलिझम अँड इव्होल्यूशन' हे त्याचं १९२६ चं पुस्तक. निसर्ग सुट्या तुकड्यांतून मोठमोठ्या एकसंध गोष्टी घडवत जातो असं लिहिणारा हा माणूस आपल्या देशात काळ्या लोकांना बरोबरीचा हक्क द्यायला तयार नव्हता. गांधीजींना त्याने तुरुंगात टाकलं, त्यांनी तिथे स्वतः चपला करून त्याला भेट दिल्या, आणि १९३९ मधे त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याने त्या परत पाठवल्या, ह्या माणसाच्या चपलांत पाय घालायची माझी लायकी नाही अशा अर्थाचं लिहून. माणूस म्हणून मोठा, पण त्याच्या 'सगळ्यात' सगळे नव्हते.

एक प्रश्न राहिलाच, तुकडे सगळे बदलले तर वस्तू तीच का. ग्रीकांकडे थिसियसचं जहाज आहे, फळी फळी बदललेलं. पण आपल्याला एवढ्या लांब जायला नको. मंगेशीचं देऊळ मूळचं प्रियोळचं नाही, ते झुवारीच्या पलीकडे कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होतं. देवळं पाडली जात होती तेव्हा १५६० मधे भक्तांनी लिंग उचललं आणि नदी ओलांडून इकडे आणलं. भिंती तिकडेच गेल्या, गर्भागार गेलं, तळी गेली, आजची इमारत तर कितीतरी नंतरची. तरी कोणी म्हणत नाही की हे दुसरं देऊळ आहे. नागसेन म्हणाला असता, नाव तेवढं राहिलं. नैयायिक म्हणाले असते, अवयवी नष्ट झाला, नवा उत्पन्न झाला. माझी आजी म्हणायची, देव आला ना, मग.

हे सगळं भाच्याला मी हप्त्याहप्त्याने सांगितलं, काही आरतीच्या आधी, काही भांडी घासताना, त्याने किती ऐकलं देव जाणे. पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर आम्ही माटोळी सोडवायला घेतली. गाठी मीच मारलेल्या, त्यामुळे सुटेनात, शेवटी कोयत्याने कापल्या. तोरिंजन शेजारी गेलं, चिबूड कापून खाल्लं, केळी पिकून काळी पडली होती ती गुरांना. वर राहिल्या चार पट्ट्या आणि सुतळीचे तुकडे. आतून आईचा आवाज आला, "माटोळी नीट पुसून माळ्यावर ठेवा रे, गेल्या वर्षी वाळवी लागलेली."

भाचा स्टुलावर उभा, हातात त्या चार पट्ट्या. माझ्याकडे बघून म्हणतो, "मामा, कुठली माटोळी?"